एक उंच इसम, एक बुटका

पुण्याहून आलेलं ते पत्र मल्लिकार्जुन कलशेट्टीच्या शर्टाच्या खिशात इतके दिवस मुक्कामाला होतं, की परटाने शर्टाबरोबर त्यालाही एकदा इस्त्री मारली होती. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

पत्र एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्राध्यापकांचं होतं आणि मोठ्या माणसांची पत्रं असतात तसं आखूड होतं. ‘आपल्या संस्थेतील मास स्पेक्ट्रोमीटर ऋण आयनांवर चालत नसल्याचे कानावर आले. सोलापूरच्या हवेत अशी नाजूक यंत्रे रुळत नाहीत, यात आपला दोष नाही. सदर यंत्र आमच्याकडे पाठवावे. महिनाअखेर उत्तर न आल्यास आपला होकार गृहीत धरू.’

सगळी मेख शेवटच्या वाक्यात होती. होकार आपोआप पोचणार होता. नकाराला पोस्टकार्ड लागणार होतं. आणि मल्लिकार्जुनला नकार देता येत नसे.

ही अतिशयोक्ती नव्हे. जेवणावळीत पानावर हात आडवा धरायचं धाडस नसल्यामुळे तो लग्नसराईत हमखास आजारी पडे. एका विमा एजंटाने त्याच्या आयुष्याचा, आईच्या आयुष्याचा आणि जमलंच तर सायकलीचाही विमा उतरवून घेतला होता. फारच नको असलं काही, तर तो ‘बघू की’ म्हणे; पण ‘बघू की’चा अर्थ ज्याचा तो आपल्या सोयीने लावतो. तो संस्थेच्या अध्यक्षांकडे पत्र घेऊन गेला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “यंत्र चालत असलं तर ठेवा, चालत नसलं तर द्या की पाठवून. ती गार खोली मला मीटिंगला बरी पडंल.” त्यावरही मल्लिकार्जुन “व्हय” म्हणाला आणि बाहेर येऊन जिन्यावर बसला.

संस्थेत ते यंत्र चालवणारा तोच; यंत्र गेलं की तो पुन्हा कॉलेजात परीक्षानळ्या विसळायला जाणार होता. त्याचं त्याला एवढं वाटत नव्हतं. पण त्या यंत्राशी तो तासन् तास बोलू शकत असे, आणि यंत्र त्याच्या गळ्यात काही मारत नसे. जगात असं दुसरं कोणी त्याला भेटलं नव्हतं.

जिन्यावर बसलेल्या मल्लिकार्जुनच्या खांद्यावर एक जड हात पडला.

“मल्लिकार्जुन, घाबरू नका. केस मी घेतली.”

हे हिंदुराव ताकभाते. मूळचे वैरागचे. संस्थेच्या अध्यक्षांची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून अध्यक्ष त्यांना दाजी म्हणत. आणि अध्यक्ष म्हणतात म्हणून शिपायापासून ऑडिटरपर्यंत सगळी संस्था त्यांना दाजीच म्हणे. नोकरी द्यायची तर काय द्यायची, हा प्रश्न सोडवण्यासाठी कार्यकारिणीने ‘सुरक्षा अधिकारी’ असं पद निर्माण केलं होतं. दाजींनी ते पद स्वीकारून लगेच वाढवलं.

“मी म्हंजे कोण, ते तुमी मला इचारू नका,” ते नव्या माणसाला सांगत. “ते गुन्हेगारांस्नी इचारा. माझं नुसतं पाऊल वळखून चोर रस्ता बदलतो. मी बदललेला रस्ता वळखतो. वैरागच्या बाजारात एका माणसाची म्हैस चोरीला गेली हुती. पोलीस हैराण! मी नुसतं शेण बघितलं आन् सांगितलं, ही तीच.”

“मग म्हैस सापडली का?” असं नवा माणूस विचारी.

“म्हैस न्हाय सापडली,” दाजी शांतपणे म्हणत. “पर शेण तिचंच हुतं.”

तपासाच्या वेळी ते शुद्ध भाषेत बोलत. ती त्यांना कोर्टात पंच म्हणून जाऊन जाऊन लागली होती. घड्याळजीकडून घेतलेलं एक भिंग ते खिशात बाळगत. आणि त्यांच्याकडे एक रुमाल होता. या रुमालाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे कोणी त्याच्याकडे लक्षच देणार नाही.

सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना ठाऊक आहे. बाहेरच्यांना सांगून पटत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या त्या मे महिन्यात डांबर चपलेला धरून घरापर्यंत येई. अशा गावात, त्या संस्थेत, एकच खोली गार होती. यंत्राला उष्मा सोसत नाही म्हणून तिथे वातानुकूलन बसवलं होतं. ते सुरू झालं त्याच दिवशी दाजी घरून आपली वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन आले आणि मल्लिकार्जुनला म्हणाले, “यंत्र परदेशी हाय. त्येला चोवीस तास पहारा पायजे. हितं बसू का?”

“बघू की,” मल्लिकार्जुन म्हणाला.

दाजी बसले. त्यानंतर ते फक्त जेवायला, तपकीर आणायला आणि रविवारी उठत. उठताना, एस.टी.त खिडकीतून टाकतात तसा, खुर्चीवर रुमाल टाकून जात. खोलीत दुसरं कोणी बसणारं नव्हतं. पण रुमाल टाकला म्हणजे जागा धरली, हा कायदा त्यांना सरकारच्या सगळ्या कायद्यांहून थोर वाटे. परत आले की रुमाल उचलून खिशात ठेवत.

आता यंत्राविषयी. शेतमालात फवारणीचं औषध किती उरतं हे बघण्यासाठी ते परदेशी मदतीतून आलेलं होतं. उद्घाटनाला त्याच्या नळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि त्यातली एक पाकळी पंपात गेल्यामुळे पहिला महिना दुरुस्तीत गेला. मल्लिकार्जुनच्या आईने, गौरम्मांनी, ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हे नाव ऐकल्यापासून तो घरी आला की आधी त्याच्या कपाळाला विभूती लावून मग आत घेण्याची पद्धत ठेवली होती. पिढ्यान् पिढ्या माळकरी नसलो तरी शाकाहारी आहोत, आणि पोरगा दिवसभर मांसाच्या यंत्रावर काम करतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. हे मांस ते नव्हे, असं सांगायचं म्हणजे आईला खोटं पाडायचं. मल्लिकार्जुन विभूती लावून घेई.

धन आयनांवर यंत्र गाईसारखं चाले. प्रश्न ऋण आयनांचा होता. फवारणीच्या औषधांत बहुतेक क्लोरीन असतो, आणि क्लोरीनवाले रेणू इलेक्ट्रॉनच्या बाबतीत फार हावरे. म्हणून करायचं असं, की बोटाच्या पेराएवढ्या एका पोलादी डबीत मिथेन वायू सोडायचा आणि तापल्या तारेतून इलेक्ट्रॉन सोडायचे. मिथेनच्या गर्दीत धक्के खाऊन ते मंदावतात, आणि मंदावलेला इलेक्ट्रॉन हावऱ्या रेणूच्या तावडीत सापडतो. झाला ऋण आयन. मग ओळखीचा एक पदार्थ आत द्यायचा आणि बटणं पिळत बसायचं, तबल्याची गट्टी ठोकतात तसं: जरा इकडे, जरा तिकडे. यंत्राच्या पेनाने काढलेले त्या पदार्थाचे सुळके कागदावर ठरल्या जागी उंच आणि सडसडीत उभे राहिले, की सूर लागला.

मल्लिकार्जुनचा सूर लागत नव्हता. ओळखीचा पदार्थ आत देण्याआधीच कागदावर दोन सुळके येऊन उभे राहत. वजनाच्या पट्टीवर एक पस्तीसवर, एक सदतीसवर. पहिला दुसऱ्याच्या तिप्पट उंच. बाकी सगळं त्यांच्या सावलीत दिसेनासं होई.

दाजींनी कागदावर भिंग धरलं.

“हे दोघं कोण?”

“क्लोरीन आहे, दाजी.”

“क्लोरीन.” दाजींनी डोळे बारीक केले. “ख्रिस्ती बाई दिसती. ऱ्हाती कुटं?”

“वायू आहे तो. म्हणजे त्याचे अणू दोन जातींचे असतात. एक हलका, एक जड. हलके तिप्पट असतात, म्हणून एक उंच आणि एक...”

“थांबा.” दाजी शुद्ध भाषेवर आले. “एक उंच इसम. एक बुटका इसम. दोघे कायम बरोबर?”

“व्हय.”

“उंच जिथे, बुटका तिथे?”

“व्हय. निसर्गनियमच आहे तो.”

“निसर्गनियम न्हवं, मल्लिकार्जुन,” दाजी हळूच म्हणाले, “टोळी हाय.”

त्या दिवसापासून तपास सुरू झाला. मल्लिकार्जुनचं काम एवढंच उरलं की त्याने यंत्र बंद करावं, डबी सोडवावी, तिचे सुटे भाग घासून, धुऊन, भट्टीत तापवून स्वच्छ करावेत आणि टेबलावर कागदावर मांडावेत. मग दाजी उठत. खिशातला रुमाल काढत. प्रत्येक भाग रुमालात धरून उचलत, भिंगाखाली फिरवत आणि “हं” म्हणून परत ठेवत.

“रुमालानं का, ठाव हाय का?”

“का, दाजी?”

“ठसे! नवशिका माणूस उघड्या हातानं पुरावा उचलतो आन् सपाट होतो. मी आजपातूर एका बी वस्तूवर माझा ठसा सोडल्याला न्हाय.”

हात लावू नका, असं मल्लिकार्जुन मनातल्या मनात फार स्पष्टपणे म्हणाला. तोंडाने तो म्हणाला, “बघू की.”

पहिला संशयित महबूब. मिथेनचं सिलिंडर मुंबईहून टेंपोने तोच आणी. महबूब उंच होता आणि त्याच्या क्लीनरला सीटखालचा जॅक दिसण्यासाठी वाकावं लागत नसे. दाजींना एवढं पुरे होतं.

“महबूब,” ते खुर्चीत रेलून म्हणाले, “तुमचा क्लीनर बुटका का हाय?”

“अल्ला की मर्जी, दाजी. उसमें मेरा क्या हात?”

“कायम तुमच्याच बरोबर का असतो?”

“क्लीनर आहे ना माझा! दुसऱ्याच्या गाडीबरोबर फिरला तर पगार मी कशाला देऊ?”

“हजरजबाबी हाय,” दाजी मल्लिकार्जुनच्या कानात म्हणाले. “तयारी करून आलाय. टिपून घ्या.”

महबूब खरोखर काहीच तयारी न करता आला होता. त्याला सही घेऊन जायचं होतं. त्याने सिलिंडर बदलून दिलं, वर दाजींना सलाम करून म्हणाला, “कुछ भी हुआ तो बुलाव, दाजी. इथं गार वाटतंय.” नव्या सिलिंडरवरही दोघे इसम हजर झाले. दाजींनी महबूबला संशयाचा फायदा दिला, पण क्लीनरला दिला नाही.

दुसरा संशयित शेजारी सापडला. भिंतीपलीकडे चनबसप्पांचा सूत धुलाईचा कारखाना होता. सूत पांढरं करायला ते ब्लीचिंग पावडर वापरत, आणि ब्लीचिंग पावडर म्हणजे क्लोरीन, एवढी माहिती मल्लिकार्जुनने चुकून दिली. चुकून, कारण ही कल्पना त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. दाजींनी खिडक्यांच्या फटींत ओली तरटं कोंबली, दाराखाली चादर लावली, आणि मग भिंतीवरून हाक मारली.

“चनबसप्पा! तुमी उंच हाय का बुटके?”

“एन्री दाजी, रोज बघताय की मला! मध्यम हाय.”

“मध्यम!” दाजी मल्लिकार्जुनकडे वळले. “दोघांची बेरीज करून निम्मी केली. हुशार मानूस हाय.”

“माझी पावडर माझ्या पोत्यात हाय,” भिंतीपलीकडून आवाज आला. “ती तुमच्या डब्यात कशाला येती? हितं मलाच पुरंना झालीय!”

नशिबाने त्या आठवड्यात विजेची कपात आली आणि धुलाई बंद राहिली. संस्थेच्या यंत्राला वीज वेगळ्या तारेवरून होती. मल्लिकार्जुनने देवाचं नाव घेऊन यंत्र लावलं. दोघे इसम आले, आणि पूर्वीपेक्षा उंच होऊन आले. कारण स्पष्ट होतं; पण ते कोणाला दिसलं नाही. चनबसप्पांवर खटला पक्का करण्यासाठी दाजींनी त्या दिवशी डबीचे भाग दुप्पट वेळ तपासले होते.

आता मल्लिकार्जुनच्या मनात एक शंका येऊ लागली होती. शंका आली की आधी ती आपलीच चूक असेल असं त्याला वाटे, म्हणून तो बरेच दिवस गप्प बसला. मग न राहवून म्हणाला, “दाजी, एक गोष्ट आहे. म्हणजे, असेल किंवा नसेलही. सोमवारी सकाळी ते दोन सुळके एकदम लहान असतात. रविवारी यंत्र नुसतं तापत ठेवलेलं असतं, म्हणून असेल. मग आठवडाभर वाढत जातात.”

दाजी ताडकन उभे राहिले. खुर्चीवर रुमाल टाकला. खोलीत येरझाऱ्या घातल्या.

“म्हंजे गुन्हेगार रविवारी येत नाही?”

“तसं दिसतं.”

“रविवारी सुट्टी घेतो. याचा अर्थ काय?”

मल्लिकार्जुनच्या घशाशी अर्थ आला होता. खोलीत रविवारी सुट्टी घेणारा दुसरा इसम एकच होता आणि तो येरझाऱ्या घालत होता. “याचा अर्थ...” तो म्हणाला, आणि थांबला.

“याचा अर्थ तो सरकारी नोकर हाय!” दाजी गरजले. “आन् आनखी सांगतो. मी आलो की तो येतो. मी गेलो की तो जातो. मल्लिकार्जुन, तो मानूस माझ्यावर पाळत ठेवून हाय!”

रुमाल उचलून त्यांनी घाम नसलेलं कपाळ पुसलं.

तिसरा संशयित त्यांनी बसल्या जागीच शोधला, पुण्याचं पत्र वाचून. “ज्येला फायदा, त्यो गुन्हेगार. ह्ये तत्त्व हाय. यंत्र कुनाला मिळनार? प्राध्यापकाला. प्राध्यापक सरकारी नोकर का? हाय. रविवारी सुट्टी? हाय. उंच हायत का?”

“मी फोटोत पाहिलंय. बसलेले होते.”

“लपवत्यात!” दाजी म्हणाले. “मोठं डोकं हाय. पर गाठ हिंदुरावाशी हाय.” त्यांनी ते पत्रही रुमालात गुंडाळून ठशांसाठी जप्त करायचं ठरवलं होतं, पण मल्लिकार्जुनने ते घाईघाईने खिशात ठेवलं. त्या पत्राला उत्तर द्यायचं होतं. महिना संपत आला होता. त्याने पोस्टकार्डही आणून ठेवलं होतं. त्यावर ‘सा. न. वि. वि.’ एवढं लिहिलं होतं, आणि त्या चार अक्षरांपुढे काय खरं लिहायचं, हे त्याला कळत नव्हतं. यंत्र चालत नाही म्हणावं, तर ते जाणार. चालतं म्हणावं, तर खोटं. आणि ‘पाठवणार नाही’ म्हणावं, तर आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द थेट पुण्याला उच्चारायचा.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, डबीचे स्वच्छ भाग नेहमीप्रमाणे कागदावर मांडलेले असताना आणि दाजी रुमाल उलगडत असताना, दार उघडून मथुराबाई आत आल्या. दाजींच्या पत्नी, म्हणजे अध्यक्षांची बहीण. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. उन्हातून एकदम गारव्यात आल्यामुळे त्या क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांना नवरा दिसला.

“आगं बया! हितं गारव्याला बसलाय व्हय!”

“मथुरा, मी तपासावर हाय.”

“घरात पत्रा तापून माझ्या डोक्याला फोड आलं, आन् ह्ये तपासावर हायत! भाकरी इसरून आला. म्हनलं, उपाशी तपास करतील.” त्यांची नजर खुर्चीकडे गेली. “आन् माझ्या बापाची आंदणातली खुर्ची हितं हाय! मी म्हनलं परसात ठेवली आसंल. आवो, तिला उनात ठेवा म्हनलं हुतं का न्हाय मी?”

“उनात कशाला?”

“ढेकनं हुती म्हनून!” मथुराबाईंनी छत्री टेबलाला टेकवली. “वेताच्या बारीक बारीक छिद्रांत बसत्यात मेली. निम्मा डबा पावडर कोंबलीय त्यात, हळदीवानी चोळून चोळून. बोटं सोलली माझी. आन् तुमी त्यावर रुमाल आथरता, तोच रुमाल तोंडाला लावता! बघू तो.”

त्यांनी दाजींच्या हातातून रुमाल ओढला आणि झटकला. गार खोलीच्या स्वच्छ हवेत पांढरी भुकटी उडाली. मथुराबाई शिंकल्या. मल्लिकार्जुन शिंकला. दाजी शिंकले नाहीत. इतक्या वर्षांच्या तपकिरीनंतर त्यांचं नाक कोणत्याही साक्षीला उपयोगाचं उरलं नव्हतं.

“बघा!” मथुराबाई म्हणाल्या. “आन् म्हनं मला अलीकडं ढेकून चावंना झालेत. कशाला चावतील? मरायचंय व्हय त्यांना?”

मल्लिकार्जुन खुर्चीकडे बघत होता. मग रुमालाकडे. मग कागदावर मांडलेल्या डबीच्या भागांकडे. त्याला कॉलेजात पाठ केलेला एक रेणू आठवला. ढेकणांची ती पावडर म्हणजे फवारणीचंच एक औषध, आणि त्यात प्रत्येक रेणूला क्लोरीनचे सहा अणू होते. सहाही सहा महिन्यांचा उपास सुटल्यासारखे हावरे.

“अक्का,” तो म्हणाला, “तो रुमाल जरा इथं ठेवता? आणि खुर्ची, म्हणजे, आपण बाहेर ठेवू या का?”

“माझी मी नेते की!” म्हणून मथुराबाईंनी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन आपटली.

मल्लिकार्जुनने डबी पुन्हा घासली, धुतली, तापवली. या वेळी रुमाल न लावता चिमट्याने जोडली. यंत्र लावलं. मिथेन सोडला. पेन कागदावर सरकत गेलं. पस्तीसपाशी आलं, थोडं थबकलं, एक लहानसा उंचवटा काढून पुढे गेलं. सदतीसपाशी तर ते थबकलंही नाही. मग त्याने ओळखीचा पदार्थ आत दिला, बटण जरा इकडे, जरा तिकडे केलं, आणि एकेक सुळका ठरल्या जागी सरळ उभा राहिला.

खात्रीसाठी त्याने रुमालाच्या एका धाग्याचं टोक यंत्राला दिलं. पस्तीसवर पेन वर चढलं, कागदाच्या कडेला धडकलं आणि तिथेच थरथरत राहिलं.

दोघे इसम सापडले होते. आणि मल्लिकार्जुनच्या हळूहळू लक्षात आलं, की यंत्र बिघडलेलं कधी नव्हतंच. फवारणीचं औषध कुठे उरलंय ते सांगायला ते आणलं होतं, आणि पहिल्या दिवसापासून ते घसा फोडून सांगत होतं: इथे आहे, या खुर्चीत आहे! त्याचा सूर लागलेलाच होता. सगळी संस्था मिळून त्याच्याकडून तो काढून घ्यायच्या खटपटीत होती.

“मी म्हनलो हुतो का न्हाय?” दाजी भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवत म्हणाले. “मी आलो की तो येतो, मी गेलो की तो जातो. गुन्हेगार माझ्या आगदी जवळ हाय, हे मी पहिल्यापासून वळखलं हुतं.”

“बुडाखाली हुता,” मथुराबाई म्हणाल्या.

“सगळ्यात मोठा गुप्तहेर तोच, जो गुन्हेगाराला उठू देत न्हाय,” दाजी म्हणाले. जेवण उरकून ते उठले, धोतराला हात पुसले. “बरं. केस मिटली. आता खुर्ची उनात झटकतो आन् सोमवारी परत आनतो. बिनपावडरीची. हितं बसायला तुमची काय हरकत न्हाय न्हवं, मल्लिकार्जुन?”

बिनपावडरीची म्हणजे ढेकणांची. ढेकूण आले म्हणजे पुन्हा पावडर. आणि पावडर नसली तरी तपकीर होतीच, आणि तपास तर कायमचाच. अध्यक्षांचे दाजी समोर उभे होते आणि अध्यक्षांची बहीण छत्री उचलत होती. मल्लिकार्जुनच्या ओठांवर ‘बघू की’ येऊन बसलं होतं. त्याला फक्त तोंड उघडायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली.

“नाही,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की त्याला वाटलं, बोललोच नसू. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी जरा मोठ्याने आलं. “नाही, दाजी. इथे नाही बसायचं.”

दाजींनी सवयीने भिंग काढलं आणि त्यातून त्याच्याकडे पाहिलं. मल्लिकार्जुन त्यांना बहुधा एकदम मोठा दिसला असावा.

“बोलला की वो पोरगा!” मथुराबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, तोंडात तपकीर हाय म्हनून गप ऱ्हातंय. चला तुमी. अध्यक्ष काय म्हनतोय ते मी बघते. लहानपणी त्येला मीच बदडलाय.”

दाजी निघाले. दारात वळून त्यांनी सवयीने रुमाल काढायला खिशात हात घातला. रुमाल यंत्राशेजारी काचेच्या बरणीत बंद होता. जागा धरायला काही नव्हतं. ते तसेच गेले.

मल्लिकार्जुन खाली बसला. ‘सा. न. वि. वि.’च्या पुढे त्याने लिहिलं: ‘यंत्र ऋण आयनांवर उत्तम चालते. सबब आपल्या पत्राचे उत्तर: नाही.’ वाचून पाहिलं. फार उर्मट वाटलं. खाली ‘क्षमस्व’ लिहिलं. मग ते खोडलं. खोडलेलं बरं दिसेना. पण दुसरं कार्ड आणायला गेलो तर मन बदलेल, हे त्याला स्वतःबद्दल नीट माहीत होतं. तो तसाच उन्हात बाहेर पडला.

पोस्टाची पेटी फाटकाबाहेर लिंबाखाली होती. तिथल्या सावलीत दाजी उभे होते. डोक्यावर खुर्ची उलटी घेतलेली, त्यामुळे ते चार पाय वर केलेल्या एखाद्या प्राण्यासारखे दिसत होते. मथुराबाई पुढे रिक्षा बघायला गेल्या होत्या. दाजींना राग आलेला नव्हता. आला असेल तर तो गुन्हेगारावर होता. त्यांनी मल्लिकार्जुनच्या हातातलं कार्ड पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पुण्याला?”

“व्हय.”

“शत्रूला लिवताय. जपून. उघड्या हातानं धरू नका. पदर म्हना, धोतर म्हना, कशात तरी धरा.” त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पुढे केलं. “ह्येच्यात धरा. न्हायतर ठसे ऱ्हातील.”

पेटीचं तोंड उन्हाने तापलं होतं. मल्लिकार्जुनने कार्ड उघड्या हातानेच आत घातलं, मनगटापर्यंत, आणि सोडलं. आत ते कशावर तरी पडल्याचा आवाज आला. आता परत काढायची सोय नव्हती.

“नाही, दाजी,” तो म्हणाला. “राहू देत की ठसे.”